घरच्या घरी पुन्हा उभे राहताना : ज्येष्ठांच्या गृहपुनर्वसनात नेमके काय घडते

खुब्याचे हाड मोडल्यामुळे, पक्षाघातामुळे किंवा न्यूमोनियासारख्या गंभीर आजारामुळे रुग्णालयात राहिलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला घरी सोडताना जो कागद हातात दिला जातो, त्यावर औषधांची यादी सविस्तर असते. कोणती गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे सगळे तिथे लिहिलेले असते. त्याच कागदाच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : 'घरी फिजिओथेरपी चालू ठेवावी.' ती व्यक्ती सहा महिन्यांनी स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जाईल की नाही, हे ठरवण्यात या एका ओळीचा वाटा फार मोठा असतो. मात्र किती, कसे, कोणी आणि कधीपर्यंत यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते. रुग्णालयातील मुक्काम आता पूर्वीपेक्षा आखूड झाले आहेत, त्यामुळे एके काळी वॉर्डात होणारे बरेचसे काम घरात येऊन पडले आहे. ते काम कोणते आणि त्यात घरच्यांचा भाग किती, हे समजून घेतल्याशिवाय ती ओळ कागदावरच राहते.

पुनर्वसन कशाचे?

मराठीत 'पुनर्वसन' म्हटले की आधी विस्थापित माणसे आठवतात, आणि ती आठवण इथे अगदीच गैरलागू नाही. आजारानेही माणूस स्वतःच्या दिनक्रमातून, आपल्या नेहमीच्या खुर्चीवरून, घरातल्या आपल्या जागेवरून उठवला जातो. त्याला तिथे पुन्हा वसवायचे असते. वैद्यकीय अर्थाने पुनर्वसन म्हणजे आजार किंवा इजेनंतर रोजची कामे करण्याची क्षमता शक्य तितकी परत मिळवणे आणि जी परत मिळणार नाही तिच्या बदल्यात दुसरी वाट शोधणे. यातला दुसरा भाग नेहमी विसरला जातो. उजव्या हातात पूर्वीची पकड येणार नसेल, तर डाव्या हाताने बटणे लावायला शिकणे हेही पुनर्वसनच आहे, आणि बटणांऐवजी चिकटपट्टी लावून घेणे हेसुद्धा.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणामागे हाच विचार आहे : माणसाला कोणता आजार आहे हा एक प्रश्न, आणि त्या आजारासह तो काय करू शकतो हा त्याहून वेगळा प्रश्न. एकाच प्रकारचा पक्षाघात झालेल्या दोघांपैकी एक जण घरभर फिरतो आणि दुसरा पलंगावरून उतरत नाही, याचे कारण कित्येकदा मेंदूत नसून आजूबाजूच्या परिस्थितीत असते. पुनर्वसनाचा उपयोग होईल अशा आरोग्यस्थितीत जगणाऱ्यांची जगभरातील संख्या सुमारे २४० कोटी, म्हणजे साधारण दर तीन माणसांमागे एक, असल्याचा अंदाज आहे.

या कामात तीन प्रकारचे तज्ज्ञ भेटतात. फिजिओथेरपिस्ट मुख्यतः ताकद, तोल आणि चालणे यांवर काम करतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आंघोळ, कपडे, स्वयंपाक अशी प्रत्यक्ष कामे पुन्हा कशी करता येतील ते पाहतात. बोलण्यात किंवा गिळण्यात अडचण असेल, तर स्पीच थेरपिस्टची गरज लागते. आपल्याकडे तिघांनाही सरसकट 'फिजिओ' म्हटले जाते, आणि त्यामुळे हवा तो माणूस घरी येतच नाही असेही होते.

विश्रांतीने शक्ती भरून येत नाही का?

ताप उतरेपर्यंत किंवा जखम भरेपर्यंत विश्रांती लागतेच. अडचण अशी की, अंथरुणावरच्या प्रत्येक दिवसाची किंमत शरीर वसूल करत असते. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की तीस वर्षांच्या वाढत्या वयाने त्यांच्या शारीरिक क्षमतेचे जितके नुकसान केले होते, त्याहून अधिक नुकसान त्या तीन आठवड्यांनी केले होते. ही विशीतल्या मुलांची गोष्ट झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी ज्येष्ठांनी दहा दिवस अंथरुणावर काढले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो चरबीविरहित वजन, म्हणजे प्रामुख्याने स्नायू, कमी झाले. त्यांना ना ताप होता, ना शस्त्रक्रिया झाली होती.

ज्येष्ठांच्या बाबतीत ही घट इतकी महागात का पडते, हे विहिरीच्या उदाहरणाने नीट कळते. पोहऱ्याच्या दोराची लांबी ठरलेली आहे. विहीर काठोकाठ भरलेली असेल, तर पाणी दोन हात खाली गेले तरी काढणाऱ्याला पत्ता लागत नाही. पाणी आधीच दोराच्या टोकाशी आले असेल, तर तेवढ्याच घटीने पोहरा रिकामा वर येतो. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायला लागणारी ताकद म्हणजे हा दोर. तरुण माणसाकडे तिच्या कितीतरी पट ताकद शिल्लक असते. ऐंशीच्या घरातील माणूस रोज उठतो तेव्हाच आपली जवळजवळ सगळी ताकद लावत असतो. म्हणून रुग्णालयात चालत गेलेले वडील आजार बरा होऊनही उचलून घरी आणावे लागतात, आणि घरातले लोक चक्रावून विचारतात की न्यूमोनिया तर छातीत होता, मग पाय कसे गेले?

या वयात गेलेली ताकद परत येते?

येते. याविषयीचा पुरावा जुना आहे आणि तो इतका कमी लोकांना ठाऊक असावा याचे मला वाईट वाटते. १९९० मध्ये अमेरिकेतील एका वृद्धनिवासात सरासरी नव्वद वर्षे वयाच्या, अशक्त झालेल्या दहा जणांना आठ आठवडे पायांचे वजनी व्यायाम देण्यात आले. वजनेही नावापुरती नव्हती. पूर्ण जोर लावून जेमतेम एकदाच उचलता येईल अशा वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत ती वाढवत नेली होती. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. १९९४ मध्ये तशाच शंभर वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग झाला, त्यातही ताकद दुपटीहून अधिक वाढली आणि चालण्याचा वेगही सुधारला.

या प्रयोगांतून घ्यायची गोष्ट म्हणजे मात्रा. रक्तदाबाची गोळी पाव करून दिली आणि उपयोग झाला नाही, तर आपण गोळीला दोष देत नाही. व्यायामाच्या बाबतीत मात्र नेमके तेच होते : महिनोन् महिने पलंगावर झोपून पावले वरखाली करायची, आणि मग 'फिजिओथेरपीचा काही फरक पडला नाही' असे म्हणायचे. स्नायूला नेहमीपेक्षा थोडा अधिक भार मिळाला, तो काही आठवडे मिळत राहिला आणि जमू लागताच वाढवला, तरच स्नायू बदलतो. दहा वेळा उठबस सहज होऊ लागली, की खुर्ची थोडी ठेंगणी घ्यायची, किंवा हातांचा आधार कमी करायचा. शेवटच्या दोनतीन खेपा कष्टाच्या वाटल्या नाहीत, तर मात्रा कमी पडते आहे असे समजावे. स्नायू घडायला कच्चा मालही लागतो : ज्येष्ठांनी रोज शरीराच्या दर किलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे तज्ज्ञगट सुचवतात, आणि आजारपणात याहून अधिक. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

मग रुग्णालयात राहूनच का करू नये?

रुग्णालयात उपकरणे असतात, तज्ज्ञ हाताशी असतात, देखरेख असते. तरीही तिथे एका गोष्टीची उणीव राहते, ती म्हणजे रुग्णाचे घर. शरीर जे शिकते ते बरेचसे त्या जागेला आणि त्या कामाला बांधलेले असते. रुग्णालयाच्या रुंद, सपाट मार्गिकेत कठडा धरून पन्नास पावले चालणारी आई घरी आल्यावर पलंग आणि कपाट यांच्यामधल्या अरुंद जागेत वळताना अडखळते, कारण तिने चालण्याचा सराव केला होता, वळण्याचा नव्हे. घरात सराव होतो तो तिच्याच पलंगाच्या उंचीवर, तिच्याच उंबरठ्यावर, रात्री ती उठते त्याच उजेडात.

पुरावाही बऱ्याच बाबतींत घराच्या बाजूने आहे. ऑस्ट्रेलियात गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर १६५ जणांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही जणांना दहा दिवस पुनर्वसन केंद्रात ठेवून मग घरचा कार्यक्रम दिला, तर काहींना थेट घरचाच कार्यक्रम दिला. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते, या कसोटीवर २६ आठवड्यांनंतर दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनातही घरचे आणि केंद्रातले कार्यक्रम साधारण सारखेच परिणाम देतात. सौम्य ते मध्यम पक्षाघाताच्या रुग्णांना लवकर घरी सोडून तिथे तज्ज्ञांचे पथक पाठवले, तर परावलंबी होण्याचे प्रमाण घटते असेही अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. मात्र हा लाभ एकमेकांशी समन्वय ठेवणाऱ्या पथकामुळे होता, नुसते लवकर घरी पाठवल्यामुळे नव्हता.

सगळेच निकाल इतके उत्साहवर्धक नाहीत, हेही सांगितले पाहिजे. खुब्याच्या हाडाच्या बाबतीत २०१४ च्या एका चाचणीत घरच्या व्यायामाने माफक सुधारणा दिसली, तर २०१९ च्या दुसऱ्या चाचणीत सोळा आठवड्यांच्या घरच्या कार्यक्रमानंतरही घराबाहेर पुरेसे चालता येण्याच्या कसोटीवर दुसऱ्या गटाच्या तुलनेत ठोस फरक पडला नाही. खुब्याचे हाड मोडणे ही म्हातारपणातील फार मोठी घटना आहे, आणि तिच्यातून बाहेर पडायला घर हे स्थळ एवढेच पुरत नाही. कार्यक्रम किती जोरकस आणि किती काळ चालणारा आहे, यावर बरेच अवलंबून असते असे मला वाटते.

घरी येणारा तज्ज्ञ पहिल्या दिवशी काय पाहतो?

चांगला तज्ज्ञ आल्या आल्या व्यायाम सुरू करत नाही. तो आधी विचारतो की, तुम्हाला पुन्हा काय करता यायला हवे आहे? 'गुडघा १०० अंशांत वाकवणे' हे तज्ज्ञाचे उद्दिष्ट झाले. 'कोणाला हाक न मारता रात्री बाथरूमला जाता येणे' हे रुग्णाचे. दुसरे उद्दिष्ट समोर असेल तरच माणूस कंटाळवाणी उठबस तीन महिने करतो.

त्यानंतर मोजमाप होते आणि त्याला यंत्र लागत नाही. हात छातीशी धरून ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे मोजतात. खुर्चीवरून उठून तीन मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, हेही पाहतात; त्याला १२ सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानले जाते. हे आकडे वहीत लिहून ठेवावेत आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजावेत. 'बरे वाटते का?' या प्रश्नाला घरातली वडीलधारी माणसे जे उत्तर देतात, त्यावर विसंबून राहू नये. ते उत्तर बहुधा विचारणाऱ्याच्या काळजीपोटी दिलेले असते.

मग घराची पाहणी होते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आखलेल्या एका कार्यक्रमात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि परिचारिका यांच्या जोडीला घरदुरुस्ती करणारा कारागीरही पाठवतात. कठडा बसवायचा, सैल फरशी पक्की करायची, दिवा हाताच्या अंतरावर आणायचा, अशी कामे तो करतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीनशे ज्येष्ठांच्या चाचणीत पाच महिन्यांनंतर रोजच्या कामांतील अडचणींचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. औषधाच्या चिठ्ठीवर सुताराचे नाव येणे आपल्याला विचित्र वाटेल, पण न्हाणीघरातला योग्य उंचीवरचा कठडा हा खरोखर उपचार आहे.

घरच्यांनी किती मदत करावी?

या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण गृहपुनर्वसन फसते ते बहुधा इथेच, आणि फसते ते प्रेमामुळे. आई पलंगावरून उठायला दोन मिनिटे घेते. मुलाला ते पाहवत नाही, तो काखेत हात घालून तिला उभी करतो. पाण्याचा पेला हातात येतो, चप्पल पायात चढवली जाते, घास भरवला जातो. दिवसभरात अशा वीसेक कृती आईच्या हातून काढून घेतल्या जातात, आणि संध्याकाळी अर्ध्या तासाच्या व्यायामाने त्यांची भरपाई होईल अशी अपेक्षा असते. ती होत नाही. उठण्याचा सराव उठण्यानेच होतो, आणि तो दिवसातून वीस वेळा घरात फुकट उपलब्ध असतो.

मदतीच्या पायऱ्या लक्षात ठेवाव्यात. पहिल्या पायरीवर आपण फक्त जवळ उभे राहतो. दुसरीवर शब्दांनी आठवण करतो : 'पाय मागे घ्या, पुढे वाका, आता उठा.' तिसरीवर हाताचा हलका स्पर्श देतो, आणि भार उचलतो तो चौथीवर. रोज सर्वांत खालच्या पायरीपासून सुरुवात करावी आणि गरज दिसली तरच वर चढावे. उचलताना काखेत हात घालू नये; पक्षाघाताच्या रुग्णाचा कमजोर खांदा त्याने दुखावतो. डेन्मार्कमध्ये तर हे तत्त्व २०१५ पासून कायद्यातच आले आहे : घरकामासाठी मदतनीस देण्याआधी, ते काम त्या व्यक्तीला स्वतः पुन्हा करता येईल का हे नगरपालिकांना पाहावे लागते आणि तशी शक्यता असेल तर मुदतीचे पुनर्वसन देऊ करावे लागते.

याचा अर्थ सगळा भार कुटुंबावर टाकावा असा मुळीच होत नाही. भारतात १४ रुग्णालयांतील १,२५० पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत घरातील एका व्यक्तीला पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन घरी पाठवण्यात आले. २०१७ मध्ये तिचे निकाल आले, तेव्हा सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांच्या प्रमाणात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक दिसला नाही. मुलगी, सून, मुलगा किंवा जोडीदार यांनी मनापासून केलेल्या कष्टांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. प्रशिक्षित माणसाने ठरवलेली आणि वेळोवेळी बदललेली मात्रा ही वेगळी गोष्ट आहे, आणि थोडेसे शिकवून ती कुटुंबाकडून करून घेता येईल असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे, हे या निकालातून मला दिसते.

चालवायला गेलो आणि पडले तर?

ही भीती खरी आहे. पण पडण्याच्या भीतीने माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने पाय आणि तोल आणखी ढासळतात, आणि मग तो खरोखरच पडतो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात नेमका या प्रश्नावर घरी करायचा कार्यक्रम तयार झाला : पावलाच्या वर बांधायची वजने, तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, आणि जमेल तसे चालणे. त्याच्या चार चाचण्यांतील हजारावर ज्येष्ठांची माहिती एकत्र केली, तेव्हा पडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलेले दिसले.

तोलाचा व्यायाम नेहमी पक्क्या, न सरकणाऱ्या आधाराशेजारी करावा. ओट्याचा कडप्पा चालेल, चाकांची खुर्ची चालणार नाही. दीर्घ आजारानंतर उभे राहताच रक्तदाब एकदम उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून दोनतीन मिनिटे बसावे आणि मगच उठावे. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे, एकाच पोटरीला सूज आणि वेदना येणे, तोंड वाकडे होणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर व्यायाम तिथेच थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

दुखत असताना व्यायाम करावा का?

न वापरलेला स्नायू कामाला लागला की दुखतो. तो ठणका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बराचसा ओसरत असेल, तर व्यायाम चालू ठेवता येतो. दुखणे रोज वाढत चालले असेल, सांधा लाल आणि गरम होत असेल किंवा झोप उडत असेल, तर मात्रा कमी करून तज्ज्ञाला विचारावे. डॉक्टरांना विचारून वेदनाशामक गोळीची वेळ व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी आणली, तरी पुष्कळ फरक पडतो.

विस्मरण असेल तर काय उपयोग?

'त्यांना काही आठवतच नाही, व्यायाम कसला शिकणार?' असे म्हणून अनेक घरांत हा विषय संपतो. फिनलंडमध्ये अल्झायमरच्या २१० रुग्णांवर झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन आठवड्यातून दोनदा, तासभर, असे वर्षभर व्यायाम करवून घेतले. ज्यांना असे व्यायाम मिळाले नाहीत, त्यांच्या तुलनेत या रुग्णांची रोजची कामे करण्याची क्षमता हळू घटली आणि ते पडलेही कमी. शरीराला सवयीने जे कळते, ते शब्दांत सांगता यावे लागत नाही. अशा रुग्णाला सूचना द्यावी ती एका वेळी एकच, आणि व्यायामाची जागा व वेळ शक्यतो बदलू नये.

घर कधी पुरेसे नसते?

ज्याला दोन माणसांच्या आधाराशिवाय बसताही येत नाही, ज्याच्या जखमेला किंवा श्वासाला सतत देखरेख लागते, किंवा जो घरात पूर्ण एकटा आहे, त्याच्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे केंद्रच योग्य. सांभाळणारी व्यक्ती स्वतः सत्तरीची आणि पाठदुखीने बेजार असेल, तर तेही तितकेच वैध कारण आहे. व्हिडिओ कॉलवरून देखरेख करण्याची सोय आता अनेक ठिकाणी आहे आणि कार्यक्रम रुळल्यावर ती उपयोगी पडते; तोल ढळणाऱ्या माणसाला पडद्यावरून कोणी सावरू शकत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या काही भेटी प्रत्यक्षच हव्यात.

हे कधी थांबवायचे?

नव्वदीच्या त्या दहा जणांच्या प्रयोगाचा एक निष्कर्ष फारसा सांगितला जात नाही. व्यायाम बंद केल्यावर अवघ्या चार आठवड्यांत त्यांच्या कमावलेल्या कमाल ताकदीत ३२ टक्के घट झाली. तज्ज्ञाच्या भेटी बारा आठवड्यांनी संपल्या, तरी व्यायाम संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ज्येष्ठांनी तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत अशीच आहे. म्हणून घरी सोडण्याच्या दिवशीच त्या एका ओळीविषयी विचारून घ्यावे : कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा, कोणत्या पायावर किती भार टाकायला परवानगी आहे, भार कधी वाढवायचा, पहिली भेट कोण आणि कोणत्या तारखेला देणार, आणि त्या तारखेपर्यंतच्या दिवसांत रोज निदान काय करायचे. उत्तरे औषधांच्याच कागदावर, औषधांच्याच खाली लिहून मागावीत.